रीफ टँकमधलं मॅग्नेशियम: ओतण्याआधी मोजायचं कसं

आमची तासगावकडे द्राक्षबाग आहे. पान शिरांच्या मधे पिवळं पडायला लागलं की शेजारचे लगेच मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी फोडतात. वडील आधी देठ परीक्षण करून घेतात. पालाश जास्त पडल्यामुळे वेल मॅग्नेशियम उचलत नसेल तर वरून कितीही टाकलं तरी पान हिरवं होत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत पक्कं ठाऊक झालंय.

मी सांगलीत विश्रामबागच्या घरी रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावला तेव्हा नेमकं हेच विसरलो. तिसऱ्या महिन्यात टेस्ट किटवर मॅग्नेशियम ११४० पीपीएम (ढोबळमानाने लिटरमागे मिलिग्रॅम) आलं. हवं होतं १३००. मी घाबरून आठवडाभर मॅग्नेशियम टाकत राहिलो आणि आकडा १३०० वर आणला. नंतर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यातलं मीठ मोजायचं यंत्र, तपासला तेव्हा कळलं की तो चुकीचं दाखवत होता. पाण्यात मीठच कमी होतं. मीठ बरोबर केल्यावर मॅग्नेशियम १४७० वर गेलं आणि ते पाणी बदलून बदलून खाली आणण्यात तीन महिने गेले.

सांगली-मिरज, सातारा, कराड भागात नवा रीफ टँक लावणाऱ्यांना शेजारी विचारायला सहसा कोणी नसतं. दुकानदार बाटली देतो, पण बाटलीच्या आधी काय करायचं ते राहून जातं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम बदलू नका, या सगळ्यात क्रमच महत्त्वाचा आहे.

एक शब्द आधीच साफ करतो. मराठीत ‘क्षारता’ हा शब्द सॅलिनिटीलाही वापरतात आणि अल्कलिनिटीलाही. टँकमध्ये या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मी पाण्यातल्या एकूण मिठाला ‘खारटपणा’ म्हणणार आहे आणि अल्कलिनिटीला, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्याला, अल्कलिनिटीच.

मॅग्नेशियम तिथे करतं काय

साखरेचा पाक करताना त्यात लिंबू पिळतात, म्हणजे पाक थंड झाल्यावर साखर पुन्हा खडे धरत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचं काम बरंचसं तसंच आहे. या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतकं असतं की त्यांचा चुना होऊन खाली बसायला हवा. चुन्याचा स्फटिक वाढायला लागला की मॅग्नेशियमचे कण त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि वाढ अडवतात. त्यामुळे कॅल्शियम पाण्यात विरघळलेलं राहतं आणि कोरलला सांगाडा बांधायला मिळतं.

मॅग्नेशियम फार खाली गेलं की हा अडसर ढिला होतो. तुम्ही कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचा डोस देत राहता, पण आकडे टिकत नाहीत. हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरा, खरखरीत थर बसतो. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर बसतो ना, तसाच. तुम्ही टाकलेलं कॅल्शियम कोरलकडे न जाता तिथे गेलेलं असतं.

आकडे लक्षात ठेवा. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात, खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) असताना, मॅग्नेशियम साधारण १२८० ते १२९०, कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या (हे अल्कलिनिटीचं एकक) आसपास असते. टँकमध्ये मॅग्नेशियम १२५० ते १३५० च्या मधे कुठेही असलं तरी चालतं. १२६० आणि १३४० मध्ये कोरलला काही फरक पडत नाही.

काय काय लागेल

- रिफ्रॅक्टोमीटर, समुद्री पाण्याचा. मिठाच्या द्रावणासाठी बनवलेला निघाला तर वाचन थोडं चुकतं, घेताना विचारा.
- ३५ पीपीटीचं प्रमाणित द्रावण, रिफ्रॅक्टोमीटर जुळवायला.
- समुद्री पाण्यासाठीचं मॅग्नेशियम टेस्ट किट. कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची किटंही याच वेळी घ्या.
- आरओ-डीआय पाणी (आरओनंतर डीआयच्या राळेतून गाळून उरलेले क्षारही काढलेलं) आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा). मीटरवर शून्य दिसायला हवं.
- मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट आणि थोडं मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट. किंवा रीफसाठीची तयार बाटली.
- सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा, मोजपात्र, सुई काढलेल्या सिरिंज.
- वही. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण लिहा.
- हार्ड कोरल (चुन्याचा कडक सांगाडा असलेले) घेणार असाल तर त्याची आयातीची कागदपत्रं आणि पावती.

शेवटच्या ओळीबद्दल थोडं सांगायलाच हवं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत भारतातले सगळे हार्ड कोरल येतात, समुद्रपंखेही. तारकर्ली-मालवणला स्नॉर्केलिंगला गेल्यावर ‘एक तुकडा टँकसाठी’ आणणं हा गुन्हा आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलू नका. कागद न दाखवता स्वस्तात हार्ड कोरल देणाऱ्याकडून घेऊ नका. माझा टँक झोअँथस, मशरूम आणि लेदर या मऊ कोरलचा आहे. नवख्याला हेच सोपं जातं आणि मॅग्नेशियमची ओढही यात कमी असते.

पायरी १: आधी खारटपणा मोजा

समुद्राच्या पाण्यात मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ ठरलेलं असतं. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने आणले. त्यातले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. पाणी कमी खारट असो की जास्त, क्षारांचं आपसातलं प्रमाण तेच निघालं. आपल्या टँकसाठी याचा सरळ अर्थ असा की खारटपणा कमी असेल तर मॅग्नेशियमही त्याच हिशोबाने कमी दिसणार.

करून बघा. ३५ पीपीटीला १२८५. मग ३१ पीपीटीला किती? १२८५ गुणिले ३१ भागिले ३५, म्हणजे ११३८. माझ्या किटवर आलेला ११४० हा आकडा हाच होता. पाण्यात मॅग्नेशियमची कमतरता नव्हतीच. सगळंच कमी होतं.

रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओ पाण्याने शून्यावर जुळवून थांबू नका. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर चुकू शकतं आणि आपल्याला ३५ वरच बघायचं असतं. प्रमाणित द्रावणाचे दोन थेंब टाका, झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा, मग स्क्रू फिरवून ३५ वर आणा. द्रावण मिळालं नाही तर घरी करता येतं: ३६.५ ग्रॅम कोरडं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी. दोन्ही वजनाने, मापाने नाही. या द्रावणात प्रकाश जितका वळतो तितकाच ३५ पीपीटीच्या समुद्री पाण्यात वळतो. स्वयंपाकातल्या मिठाने केलेलं हे द्रावण कामचलाऊ आहे, पण माझी मोठी चूक त्यानेच पकडून दिली.

टँकचं वाचन ३४ ते ३५ मध्ये असेल तर पुढच्या पायरीवर जा. कमी असेल तर मॅग्नेशियमच्या बाटलीला हात लावू नका. रोज बाष्पीभवन होऊन जेवढं पाणी कमी होतं, तेवढी भर आरओ पाण्याऐवजी मिसळलेल्या खाऱ्या पाण्याने घाला आणि दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त वाढवू नका.

खारटपणा घसरतो कसा, हेही समजून घ्या, नाहीतर महिन्याभराने पुन्हा तिथेच याल. बाष्पीभवनात फक्त पाणी जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर आरओ पाण्याने घालतात, ते बरोबरच आहे. पण स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कपात जमलेलं पाणी खारं असतं. झाकणावर, वायरवर साचणारी पांढरी पूड मीठच असते. टँक साफ करताना बादलीत गेलेलं पाणीही खारं. या सगळ्याची भरपाई आपण गोड्या पाण्याने करतो आणि खारटपणा दर आठवड्याला थोडा थोडा उतरत जातो.

आपल्याकडे यात ऋतूची भर पडते. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, टँकवर पंखा लावावा लागतो आणि माझ्या टँकमधून दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडतं. एखादी सुट्टी गावाला काढली की परत येईपर्यंत खारटपणा वर गेलेला असतो आणि मॅग्नेशियम ‘भरपूर’ दिसतं. पावसाळ्यात उलटं होतं. हवा दमट, पाणी उडत नाही, पण हाताला उन्हाळ्याची सवय असते आणि रोजचा तांब्या जातच राहतो. सवयीने भर घालू नका. सम्पवर (टँकखालच्या जोडटाकीवर) काळ्या मार्करने रेघ मारा आणि रेघेपर्यंतच भरा.

पायरी २: मॅग्नेशियम मोजा, आणि दोनदा मोजा

गोड्या पाण्याचं जीएच (कठीणपणा मोजायचं) किट इथे चालत नाही. बोअरचं पाणी तपासायच्या पट्ट्याही नाहीत. समुद्री पाण्याचा कठीणपणा त्यांच्या मापाच्या कितीतरी पलीकडे असतो. शिवाय त्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकत्र मोजतात.

समुद्री पाण्याच्या किटमध्ये साधारणपणे ठरावीक पाणी कुपीत घ्यायचं, पावडर किंवा थेंब टाकायचे आणि सिरिंजने शेवटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडत रंग बदलेपर्यंत जायचं असतं. काही किटं मॅग्नेशियम सरळ दाखवतात. काही आधी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज दाखवतात आणि त्यातून कॅल्शियम वजा करायला सांगतात. पत्रक वाचल्याशिवाय सुरुवात करू नका. वजाबाकी राहिली तर आकडा फुगलेला दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो.

माझ्या हाताला बसलेल्या काही गोष्टी सांगतो. कुपी आधी टँकच्याच पाण्याने विसळा. सिरिंजमध्ये बुडबुडा राहू देऊ नका. काही किटमध्ये टोकापाशी थोडी हवा राहणं अपेक्षित असतं, ते पत्रकात लिहिलेलं असतं. दर थेंबानंतर कुपी हलवा आणि पाच सेकंद थांबा. रंग बघायला खिडकीजवळ जा, मागे पांढरा कागद धरा. टँकच्या निळ्या दिव्याखाली रंग कधीच बरोबर दिसत नाही. मग तेच पुन्हा करा. दोन वाचनांत तीस-चाळीसचा फरक येणार, घरच्या किटची कुवतच तेवढी असते. शंभराचा फरक आला तर तिसऱ्यांदा करा.

किटची मुदत बघा. आपल्याकडे माल बहुतेक वेळा मुंबई किंवा पुण्याहून कुरिअरने, नाहीतर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो. मे महिन्यात ते खोकं दिवसभर तापत पडलं तर आतल्या रसायनाचा भरवसा राहत नाही. मी किटं जूननंतर किंवा दिवाळीनंतर मागवतो. नवीन किट आलं की जुन्याच्या शेवटच्या चाचणीबरोबर एकदा तुलना करून घेतो.

आकड्यावर विश्वासच बसत नसेल तर आपल्या भागात एक सोय आहे, जी मुंबईवाल्यांना सहज मिळणार नाही. बागायतदारांसाठी माती आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आपल्याकडे तालुक्याच्या गावीही सापडतात. पाण्याच्या अहवालात कॅल्शियम, मॅग्नेशियम येतंच. फक्त तुम्ही दिलेलं पाणी समुद्री आहे हे त्यांना सांगा. मी पहिल्यांदा बाटली दिली तेव्हा सांगितलं नव्हतं आणि आलेला आकडा कशाशीच जुळत नव्हता. त्यांची पद्धत विहिरीच्या पाण्यासाठी बसवलेली असते. दुसऱ्यांदा मी घरीच टँकचं ५० मिली पाणी घेऊन आरओ-डीआय पाण्याने बरोबर १ लिटर केलं, म्हणजे वीसपट पातळ. अहवालात मॅग्नेशियम ५.३ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर आलं. ५.३ गुणिले २० म्हणजे १०६. एक मिलिइक्विव्हॅलंट मॅग्नेशियम म्हणजे १२.१५ मिलिग्रॅम, म्हणून त्याला १२.१५ ने गुणलं की १२८८ पीपीएम. माझ्या किटवर त्याच दिवशी १२९० होतं. तेव्हापासून मी किटवर विसंबतो. अहवालात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकत्र दिलेलं असेल तर वेगळं मागून घ्या.

पायरी ३: मीठ आणि पाणी तपासा

खारटपणा बरोबर आहे आणि तरी मॅग्नेशियम १२५० च्या खाली आहे. आता पुढचा प्रश्न: आत जाणाऱ्या पाण्यातच ते कमी आहे का?

बादलीत नवीन मिसळलेलं खारं पाणी ३५ पीपीटीला आणा, पंप लावून रात्रभर फिरू द्या आणि सकाळी त्याचं मॅग्नेशियम मोजा. त्यातच १२०० आलं तर दोष मिठाच्या पिशवीत किंवा ती वापरण्यात आहे. वाहतुकीत हादरे बसून जड-हलके कण वेगळे होतात, म्हणून पिशवी उघडण्याआधी आडवी ठेवून नीट लोळवा. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी ओल धरते. गठ्ठे झालेलं मीठ मापाने घेतलं तर कमी भरतं. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा. एक पिशवी जास्तीची घरात असू द्या. जुलै २०२१ च्या पुरात रस्ते बंद झाले तेव्हा बाहेरून काहीच येत नव्हतं.

पाण्याबद्दल मात्र थांबून वाचा. घरात पिण्याच्या पाण्याचा आरओ आहे म्हणून तेच टँकला वापरणारे खूप जण भेटतात. त्या यंत्रात बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो, जो चव राखायला थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. काहींमध्ये वर तांब्याचं कार्ट्रिज असतं. माणसाला ठीक, पण तांबं कोरल, कोळंबी आणि गोगलगायींना विष आहे. पाणी उडून जातं आणि तांबं टँकमध्ये साठत राहतं. टँकसाठी वेगळी आरओ लाइन घ्या, तिच्यापुढे डीआयची बाटली लावा आणि टीडीएस मीटरवर शून्य येईपर्यंत समाधान मानू नका. आपल्या भागात बोअरचं पाणी जड आहे. डीआय लवकर संपते, मीटरवर २-३ दिसायला लागलं की राळ बदला.

मीठ आणि पाणी दोन्ही चांगलं आहे आणि कमतरता थोडीशीच आहे, म्हणजे १२२०-१२४० वगैरे, तर बाटलीची गरज नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत राहा. हे हळू चालतं: टँकमध्ये १२०० आणि नव्या पाण्यात १३५० असेल तर दहा टक्क्यांच्या एका बदलाने जेमतेम १५ पीपीएम वाढतं. पण हळू चालतं म्हणूनच ते सुरक्षित आहे. मी नवख्याला नेहमी हाच मार्ग सांगतो.

पायरी ४: द्रावण बनवा

इथे आपल्या भागातला सगळ्यात मोठा सापळा आहे. कृषी सेवा केंद्रात मॅग्नेशियम सल्फेट स्वस्तात, पोत्याने मिळतं. माझ्या घरीच बागेसाठी आणलेलं होतं. ते टँकमध्ये टाकू नका. खताला जेवढी शुद्धता लागते तेवढीच त्यात असते. मातीला थोडी अशुद्धता चालते, रीफला नाही. औद्योगिक वापराचं पिवळट, तपकिरी मॅग्नेशियम क्लोराइडही नको. प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात एलआर (लॅबोरेटरी रिएजंट) किंवा त्याहून वरच्या ग्रेडचं मागा, नाहीतर रीफसाठीचं पाकीट घ्या.

नुसत्या एप्सम सॉल्टवर भागवता येईल का? एखाद्या वेळी थोडं वाढवायला चालेल. नेहमी तेच वापरलं तर सल्फेट साठत जातं, कारण समुद्रात क्लोराइड सल्फेटच्या सातपट असतं. म्हणून मुख्य भाग क्लोराइडचा आणि जोडीला थोडं सल्फेट.

माझं प्रमाण असं आहे:

- मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ५०० ग्रॅम
- मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट (एप्सम सॉल्ट) ५० ग्रॅम
- आरओ-डीआय पाणी, सगळं मिळून १ लिटर होईल इतकं

आधी ६०० मिली पाणी घ्या, त्यात दोन्ही विरघळवा, मग वर पाणी घालून १ लिटर करा. या द्रावणाच्या १ मिलीमध्ये साधारण ६५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं.

लेबलवर ‘हेक्साहायड्रेट’ लिहिलेलं आहे का ते बघाच. ‘अॅनहायड्रस’ असेल तर त्यात मॅग्नेशियम दुपटीहून जास्त असतं आणि पाण्यात टाकल्यावर ते चांगलंच तापतं. प्लास्टिकची बाटली वाकेल, हात भाजेल. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

हेक्साहायड्रेटलाही हवेतली ओल ओढायची भारी खोड आहे. जुलैत पाकीट दोन दिवस उघडं राहिलं तर सकाळी डब्यात पाणी सुटलेलं दिसतं. मग काट्यावरचे ५०० ग्रॅम हे ५०० ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड राहत नाहीत, त्यात हवेतलं पाणी आलेलं असतं. यावर सोपा उपाय म्हणजे पाकीट फोडलं त्याच दिवशी सगळ्याचं द्रावण करून बाटल्या भरून ठेवायच्या. द्रावण खराब होत नाही. बाटलीवर तारीख आणि ‘मॅग्नेशियम, १ मिली = ६५ मिग्रॅ’ असं लिहा. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

नव्या बॅचचं द्रावण टँकमध्ये टाकण्याआधी त्याचे काही मिली एक लिटर साध्या खाऱ्या पाण्यात घालून अमोनिया किटने तपासा. काही मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये अमोनियाचा अंश सापडतो. पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ५: हिशोब

किती मिली = टँकमधलं खरं पाणी (लिटर) × वाढवायचे पीपीएम ÷ ६५

‘खरं पाणी’ म्हणजे काचेवर लिहिलेले लिटर नाहीत. दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा करा, सम्पमधलं पाणी मिळवा. माझा टँक दोनशे लिटरचा, सम्प पन्नासचा, आणि खरं पाणी जेमतेम दोनशे निघतं. पहिल्यांदा टँक भरताना बादल्या मोजल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही मोजा.

उदाहरण: खरं पाणी २०० लिटर, मॅग्नेशियम ११७०, न्यायचं १३०० पर्यंत. वाढ १३०. २०० × १३० = २६,०००. भागिले ६५ म्हणजे ४०० मिली. हे एका दिवशी टाकायचं नाही. तीन दिवसांत वाटलं तर रोज १३३ मिली, म्हणजे दिवसाला ४३-४४ पीपीएम. दिवसाला १०० पर्यंत चालतं असं म्हणतात. मी ५० च्या वर जात नाही, घाई करून मिळत काहीच नाही.

साठ लिटरच्या छोट्या टँकवाल्यांनी दुप्पट काळजी घ्या. तिथे ६५ मिली म्हणजे एकदम ७० पीपीएम.

पायरी ६: टाकणं

द्रावण सम्पमध्ये, पाणी टँकमध्ये परत पाठवणाऱ्या रिटर्न पंपाजवळ, जोरात प्रवाह असेल तिथे सावकाश ओता. कोरलच्या डोक्यावर कधीही नाही. अल्कलिनिटीचा डोस त्याच वेळी देऊ नका, मधे किमान अर्धा तास जाऊ द्या. आणि मॅग्नेशियमचं तीव्र द्रावण अल्कलिनिटीसाठीच्या सोड्याच्या द्रावणात एकाच बाटलीत किंवा एकाच मापात मिसळू नका. दोन्ही भेटले की दुधासारखं पांढरं होतं आणि दोन्ही वाया जातात. कॅल्शियमच्या बाटलीतही मिसळू नका, सल्फेटमुळे तिथे जिप्सम खाली बसतो. तीन बाटल्या, तीन सिरिंज, तीन रंगांच्या पट्ट्या.

सगळा डोस झाल्यावर एक दिवस थांबा आणि आधी खारटपणा मोजा, मग मॅग्नेशियम. वरच्या उदाहरणात ४०० मिली द्रावणाने खारटपणाही साधारण अर्ध्या पीपीटीने वाढतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

जास्त झालं तर? १४००-१४५० ला घाबरू नका, डोस बंद करा आणि नेहमीसारखं पाणी बदलत राहा. उतरवायचं दुसरं कुठलंही औषध नाही. १५०० च्या पुढे मात्र जाऊ नका. प्रयोगशाळेत समुद्री अपृष्ठवंशी प्राण्यांना सुस्त करायला मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावणच वापरतात, तेव्हा गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या तर आधी मॅग्नेशियम तपासा. ब्रायोप्सिस शेवाळ मारायला मुद्दाम मॅग्नेशियम खूप वर नेण्याचा एक उपाय सांगितला जातो. पहिल्या वर्षात तो करू नका.

पायरी ७: वही

पाच रकाने पुरे: तारीख, खारटपणा, मॅग्नेशियम, कॅल्शियम, अल्कलिनिटी. सहाव्यात ‘काय केलं’. खारटपणा नेहमी पहिला, तो लिहिल्याशिवाय पुढचा रकाना भरायचा नाही.

पहिला महिना दर रविवारी मोजा. एकदा डोस देऊन पातळी आणली की ती किती दिवसांत किती उतरते ते वहीत दिसेल. बहुतेक नव्या टँकमध्ये ती फारशी उतरतच नाही. हार्ड कोरलच्या सांगाड्यात मॅग्नेशियम अगदी थोडं असतं. दगडावर पसरणारं गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ मात्र त्यापेक्षा बरंच जास्त वापरतं. ढोबळ अंदाज हवा असेल तर कॅल्शियम १० भाग खर्च झालं तर मॅग्नेशियम जास्तीत जास्त १ भाग. म्हणून रोजच्या डोसिंग पंपाला मॅग्नेशियम जोडायची घाई करू नका. महिन्यात २०-३० उतरत असेल तर पाणीबदलातच भरून निघतं.

आठवडाभरात अचानक १०० उतरलेलं दिसलं तर ते खरं मानू नका. मॅग्नेशियम इतक्या वेगाने जात नाही. वहीतला खारटपणाचा रकाना बघा, किटची मुदत बघा, रिफ्रॅक्टोमीटर पुन्हा ३५ च्या द्रावणावर धरा. गेल्या दोन वर्षांत माझ्या वहीत अशी उडी चार वेळा आली. तीनदा खारटपणा निघाला. एकदा किटची बाटली खिडकीत उन्हात राहिली होती.